परवानगी नाकारली, पुढे काय?

ठाकूरद्वार नाक्यापासून कोणत्याही दिशेने पाच मिनिटे चालले, तरी मुंबईच्या घरबांधणीचा दीडशे वर्षांचा इतिहास नजरेखालून जातो. फणसवाडी, झावबाची वाडी, मुगभाट या वाड्यांतील लाकडी कठड्यांच्या चाळी, जगन्नाथ शंकरशेठ मार्गालगतच्या खोताच्या वाडीतील व्हरांड्यांची बैठी घरे आणि या साऱ्यांच्या डोक्यावरून डोकावणारे नवे टॉवर असे तीन काळ येथे शेजारी-शेजारी नांदतात. या जुन्या घरांतून राहणाऱ्या कुटुंबांच्या गरजा मात्र आजच्या आहेत. गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामायिक शौचालयापर्यंत रात्री-अपरात्री जाणे वृद्धांना झेपत नाही. दीडखणी बिऱ्हाडात मुलांच्या अभ्यासाला कोपरा उरत नाही. पावसाळ्यात कौले गळतात आणि खिडक्यांची लाकडे फुगून बसतात. मग घरात थोडा फेरफार करावा असे ठरते, वास्तुविशारदाकडून नकाशा काढून घेतला जातो, अर्ज दाखल होतो आणि एके दिवशी परवानगी नाकारल्याचे पत्र हाती पडते.

या पत्रानंतर बहुतेक कुटुंबांची वाट दोनपैकी एका दिशेने जाते. काही जण नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. काही जण सुट्टीचे चार दिवस साधून, सिमेंटच्या गोणी रात्रीतून वर चढवून काम उरकून घेतात. कायद्याने एक तिसरी वाटही ठेवलेली आहे आणि ती म्हणजे अपिलाची. मात्र ती ठराविक दिवसांपुरतीच खुली असते, आणि प्रत्येक नकाराला ती लागू पडतेच असे नाही. कोणत्या नकारावर अपील करावे, कोणत्या नकारावर नकाशा बदलावा आणि कोणता नकार निमूटपणे मान्य करावा, हे ओळखण्यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

मुळात परवानगी कशाला लागते?

मुंबईतील घरात फेरफार करताना दोन कायद्यांशी गाठ पडते. पहिला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. पहिला कायदा प्रामुख्याने इमारतीच्या बांधणीकडे पाहतो, तर दुसरा शहराच्या नियोजनाकडे.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार इमारतीत भर घालणे, तिचा वापर बदलणे किंवा तिचा एखादा भाग काढून पुन्हा उभारावा लागेल असा फेरफार करणे, यासाठी आयुक्तांना आगाऊ सूचना द्यावी लागते. यातून किरकोळ दुरुस्त्या वगळलेल्या आहेत. त्यांना कार्यालयीन भाषेत ‘टेनन्टेबल रिपेअर्स’ म्हणतात. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, न्हाणीघर व शौचालयाची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याचे पाइप आणि विजेची जोडणी बदलणे, छपराचे साहित्य तेच ठेवून ते नव्याने शाकारणे, ही कामे त्यात मोडतात. याउलट भारवाहक भिंत किंवा खांब काढणे वा बदलणे, बांधकामाची लांबी, रुंदी किंवा उंची बदलणे, जोते अथवा जमीन खाली घेणे, पोटमाळा नव्याने घालणे किंवा वाढवणे आणि उतरते छप्पर सपाट करणे ही कामे किरकोळ दुरुस्तीत बसत नाहीत. कौले काढून तेथे पत्रे घालणे म्हणजे साहित्य बदलणे, आणि म्हणून तेही या सवलतीबाहेर आहे. गिरगावातील अनेक वाद याच एका फरकातून उद्भवतात.

१९६६ च्या अधिनियमाचे कलम ४३ विकासकामांसाठी लेखी परवानगी आवश्यक ठरवते. मात्र केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरते असलेले किंवा बाह्यरूपात लक्षणीय बदल न करणारे काम ते त्यातून वगळते. ही सवलत वाचून घराच्या आतील सारेच मोकळे आहे, असा समज अनेकांचा होतो आणि तो चुकीचा आहे. आतील भिंत भारवाहक असेल, तर नियोजनाच्या कायद्याने मोकळे असलेले काम महानगरपालिकेच्या कायद्याखाली अडते.

चाळीतील भाडेकरूपुढे आणखी एक प्रश्न असतो, तो घरमालकाच्या संमतीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार मालकाच्या लेखी संमतीविना कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास भाडेकरूवर घर सोडण्याची वेळ येऊ शकते. तथापि लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा उभा ओटा, दरवाजा, जाळी, वायुवीजनासाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र किंवा धुराडे यांसाठी मालकाच्या परवानगीची गरज नाही, असे त्याच कायद्याने स्पष्ट केले आहे. जेथे आवश्यक असेल तेथे महानगरपालिकेची परवानगी मात्र घ्यावीच लागते. १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या बाबतीत म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचाही संबंध येतो. अर्जाला पालिका, मंडळ आणि मालक अशा तिघांकडे फिरावे लागते आणि त्या फेऱ्यांतच कागद अपुरे राहतात.

वारसा यादीचा तिसरा दरवाजा

वास्तू वारसा यादीत असेल, तर या दोन कायद्यांवर तिसरे बंधन येते. बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. त्या वेळी ती विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ म्हणून ओळखली जात असे. २०१८ पासून अमलात आलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये तिची जागा नियम ५२ ने घेतली आहे. या नियमानुसार यादीतील वास्तूत भर, फेरफार, दुरुस्ती, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणे, इतकेच नव्हे तर रंगकामासाठीही आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगी देण्यापूर्वी आयुक्तांना शासनाने नेमलेल्या मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यावा लागतो. हीच ती सर्वांच्या तोंडी असलेली ‘हेरिटेज समिती’.

यादीतील वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात, आणि तेथे अपरिहार्य व किमान हस्तक्षेपच मान्य होतो. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. तेथे आतील बदलांना बऱ्यापैकी वाव असतो, बाह्यरूपातील बदल मात्र कसून तपासले जातात. तिसरी श्रेणी परिसराच्या एकूण रूपाला शोभा देणाऱ्या वास्तूंची आहे. तिच्यात आतील व बाहेरील बदल, वाढीव बांधकाम आणि नव्या वापरासाठी रूपांतर या साऱ्यांना सामान्यतः मोकळीक आहे. याशिवाय काही संपूर्ण परिसरच यादीत आहेत आणि खोताची वाडी हा त्यांपैकीच एक.

यादीत नाव आले की घर गोठले, ही समजूत मुंबईत खोलवर रुजली आहे. २०१२ मध्ये महानगरपालिकेने यादीत भर घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला, तेव्हा शिवाजी पार्क आणि दादरच्या पारशी कॉलनीसारख्या परिसरांची नावे पाहून रहिवाशांत मोठी खळबळ उडाली, ती याच भीतीपोटी. प्रत्यक्षात यादीत नाव असल्याने घराची विक्री थांबत नाही की वापरही गोठत नाही. वापर बदलताना तो वास्तूच्या स्वरूपाशी सुसंगत असावा, एवढीच अट असते. वास्तू टिकवण्यासाठी आवश्यक असेल, तर शासनाच्या मान्यतेने व समितीच्या सल्ल्याने नियमावलीतील इतर नियम शिथिल करण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. अर्ज करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही तरतूद ठाऊक असते आणि तिचा आधार घेणारे त्याहूनही थोडे.

‘नामंजुरी’ या नावाची मंजुरी

नकाराच्या पत्राकडे वळण्यापूर्वी एक गोंधळ दूर करायला हवा. मुंबईत वर्षानुवर्षे ‘आयओडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कागदाचे पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नामंजुरीची सूचना, असे आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४६ मध्ये त्याचे मूळ सापडते. आयुक्तांनी प्रस्ताव आहे त्या स्वरूपात अमान्य करावा, त्याची कारणे द्यावीत आणि कोणत्या अटींवर काम करता येईल ते सांगावे, अशी त्या कलमाची रचना आहे. त्यामुळे शीर्षकात नामंजुरी असली, तरी व्यवहारात तो अटींसह मिळालेला होकार असतो. अटींची पूर्तता झाली की पुढचे पाऊल पडते आणि काम सुरू करण्याचे प्रमाणपत्र घेण्याची वेळ येते. हा कागद हाती पडताच हवालदिल होऊन वकिलाकडे धाव घेण्याचे कारण नाही. त्याबरोबर जोडलेल्या अटींची यादी घेऊन वास्तुविशारदासमोर बसणे अधिक शहाणपणाचे.

खरा नकार निराळा असतो. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४५ नुसार नियोजन प्राधिकरण, म्हणजे येथे महानगरपालिका, परवानगी बिनशर्त देऊ शकते, अटींवर देऊ शकते किंवा नाकारू शकते. अटी घालताना किंवा नकार देताना कारणे लेखी नमूद करण्याचे बंधन त्याच कलमाने प्राधिकरणावर घातले आहे. ‘प्रस्ताव मान्य करता येत नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र कायद्याच्या कसोटीला उतरत नाही, आणि कारणांचा हा अभाव अपिलातील भक्कम मुद्दा ठरू शकतो.

मौनाचा अर्थ होकार?

याच कलमातील आणखी एक तरतूद अनेकदा अर्धवट सांगितली जाते. अर्ज पोहोचल्यापासून, किंवा मागवलेल्या माहितीचे उत्तर पोहोचल्यापासून, साठ दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. एवढे वाक्य ऐकून साठाव्या दिवशी घण हाती घेणारे लोक आहेत. त्यापुढची अट मात्र त्यांच्या कानावर आलेली नसते. प्रस्ताव विकास आराखड्याशी आणि नियमावलीशी काटेकोरपणे सुसंगत असेल, तरच ही मानीव परवानगी लागू होते. विसंगत असेल, तर असे काम अनधिकृतच मानले जाते आणि त्यावर कारवाई होऊ शकते. साठ दिवस उलटल्यावरही प्राधिकरणाला लेखी स्मरणपत्र देऊन त्याची पोच जपणे आणि संरचना अभियंत्याकडून सुसंगतीची खात्री करून घेणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

चाळीस दिवसांची मुदत

नकार किंवा जाचक अटी यांविरुद्धच्या अपिलाची तरतूद अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये आहे. कलम ४५ खालील आदेशाने नाराज झालेल्या अर्जदाराला आदेश कळवला गेल्याच्या तारखेपासून चाळीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे, किंवा शासनाने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येते. हा अधिकारी उपसचिवाच्या दर्जाहून खालचा असू शकत नाही. व्यवहारात ही अपिले मंत्रालयातील नगरविकास विभागाकडे जातात. विहित शुल्क भरावे लागते. अपीलकर्ता आणि महानगरपालिका या दोघांनाही म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यानंतर शासन अपील फेटाळू शकते किंवा बिनशर्त अथवा सुधारित अटींवर परवानगी देऊ शकते.

येथे दोन बारकावे ध्यानात ठेवावे लागतात. एक म्हणजे, नकाराच्या पत्रात कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाचा उल्लेख आहे, हे सर्वांत आधी पाहावे. कलम ४७ चे अपील कलम ४५ खालील आदेशाविरुद्ध आहे. महानगरपालिका अधिनियमाखालील सूचनेला ते आपोआप लागू होत नाही. दुसरे म्हणजे, उशीर माफ करण्याची तरतूद या कलमाच्या मजकुरात लिहिलेली नाही. ओळखीचा माणूस शोधण्यात, साहेबांना भेटण्यात आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकण्यात पाच आठवडे सहज निघून जातात आणि हक्क हातातून निसटतो. पत्र ज्या पाकिटातून आले, ते पाकीट टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवावे, कारण मुदत पत्रावरील तारखेपासून मोजायची की ते हाती आल्यापासून, असा वाद उद्भवल्यास तोच पुरावा ठरतो.

फाइलमध्ये नेमके काय लिहिले गेले, हेही जाणून घ्यायला हवे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून टिपण्या आणि अभिप्राय यांच्या प्रती मागता येतात. त्या देण्यासाठी माहिती अधिकाऱ्याला तीस दिवसांची मुदत असते. चाळीसातून तीस वजा केले की दहाच दिवस उरतात. म्हणून नकाराचे पत्र मिळाले त्याच आठवड्यात हा अर्ज जायला हवा. प्रती हाती येण्याची वाट पाहत अपिलाची तारीख चुकवू नये. उपलब्ध कागदांवर अपील दाखल करून उरलेला पुरावा सुनावणीत सादर करण्याची तयारी ठेवावी.

चार प्रकारचे नकार

अपिलाची मुदत माहीत असणे पुरेसे नाही. नकाराची कारणे नीट वाचली, तर ती साधारणपणे चार प्रकारांत विभागता येतात, आणि प्रत्येक प्रकारावर उपाय निराळा आहे.

पहिला प्रकार कागदाच्या उणिवेचा. संरचना अभियंत्याचा दाखला जोडलेला नाही, मालकाची संमती नाही, दुरुस्ती मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र नाही, मालमत्ता पत्रक जुने आहे. अशा नकारावर अपील करणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणे. उणीव भरून नव्याने अर्ज करणे अधिक जलद ठरते. अपील प्राधिकाऱ्यापुढे गेले, तरी तो कागद मागितला जाणारच.

दुसरा प्रकार नकाशातील दोषाचा. समजा, चाळीतील एका खोलीत स्वतंत्र शौचालय बसवायचे आहे आणि नकाशात ते सामायिक गॅलरीचा तुकडा बंदिस्त करून दाखवले आहे. गॅलरी ही साऱ्या मजल्याची येण्याजाण्याची आणि आगीच्या प्रसंगी सुटकेची वाट आहे. त्यामुळे नकार अटळ असतो. तेच शौचालय खोलीच्या आत, सांडपाण्याच्या उभ्या पाइपालगत आणि लाकडी वाशांवर भार पडणार नाही अशा बेताने दाखवले, तर उत्तर निराळे येऊ शकते. येथे हवा सुधारित नकाशा. वारसा परिसरातही बहुतेक प्रश्न अशाच रीतीने सुटण्याजोगे असतात. रस्त्यावरून दिसणाऱ्या दर्शनी भागाऐवजी मागील बाजूस खिडकी काढली, ॲल्युमिनियमच्या चौकटीऐवजी लाकडी चौकट दाखवली, पाण्याची टाकी उतरत्या छपराआड नेली, तर आक्षेपाचे कारणच उरत नाही.

तिसरा प्रकार नियमातील स्पष्ट मनाईचा. जेथे अनुज्ञेय चटईक्षेत्र संपले आहे किंवा जमीन रस्तारुंदीसाठी आरक्षित आहे, तेथे अपिलात सहानुभूतीला फारसे स्थान नसते. परवानगी देताना विकास आराखड्याचा आदर राखणे कायद्याने बंधनकारक आहे आणि अपील हा तो आराखडा बदलण्याचा मार्ग नाही. आरक्षणामुळे परवानगी नाकारली गेली आणि जमिनीचा वाजवी उपयोगच उरला नाही, तर मात्र कलम ४९ खाली मालमत्ता संपादन करून घ्यावी, अशी नोटीस मालक देऊ शकतो. हा मार्ग अपिलाहून वेगळा असून त्याला स्वतंत्र कायदेशीर सल्ला लागतो.

चौथा प्रकार तारतम्याचा. ‘प्रस्तावित बदल परिसराच्या स्वरूपाशी विसंगत आहे’, ‘वास्तूच्या सौंदर्याला बाध येतो’, ‘मागणी समर्थनीय वाटत नाही’ अशा कारणांमागे नियमाइतकेच अधिकाऱ्याचे किंवा समितीचे मत उभे असते. नियमाचा चुकीचा अर्थ लावला गेला असेल, तर तोही याच प्रकारात येतो. अपिलाचे खरे क्षेत्र हेच. त्याच वाडीत, त्याच श्रेणीच्या घराला पूर्वी मिळालेली परवानगी, दर्शनी भागाची आधीची व नंतरची छायाचित्रे, संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचा अभिप्राय, बांधकाम जुने असल्याचे दाखवणारा करनिर्धारणाचा उतारा अशा पुराव्यांनी मताला मताने उत्तर देता येते. वारसा वास्तूंच्या बाबतीत अपवादात्मक प्रकरणी आयुक्त कारणे नोंदवून प्रस्ताव समितीकडे फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. अपिलापूर्वी तशी लेखी विनंती करून पाहता येते, मात्र तिच्या उत्तराची वाट पाहताना चाळीस दिवसांचे घड्याळ थांबत नाही.

अपिलाचा मसुदा म्हणून कारणांच्या क्रमाने लिहिलेला असावा. नकाराच्या पत्रात तीन कारणे असतील, तर अपिलात तीन उत्तरे आणि प्रत्येक उत्तरामागे एक कागद, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ काम होते. घरातील आजारपण, दाटी आणि गैरसोय यांचा उल्लेख जरूर करावा. तो गरज पटवून देतो, परंतु कारणाचे खंडन करत नाही.

गुपचूप केलेल्या कामाची किंमत

नकारानंतर परस्पर काम उरकणाऱ्यांचा युक्तिवाद असा असतो की साऱ्या गिरगावात हेच चालते. कायद्याची बाजू मात्र कठोर आहे. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये परवानगीविना विकासासाठी किमान एक महिना ते कमाल तीन वर्षे कारावासाची आणि दंडाची तरतूद आहे. कलम ५३ खाली बांधकाम हटवण्याची नोटीस येते. त्या नोटिशीतील मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस स्थगित राहते. पण तेव्हा अर्जदार याचक झालेला असतो, आणि आधी नाकारलेलेच काम केले असल्यास त्याची बाजू लंगडी पडते. वरळीच्या कॅम्पाकोला वसाहतीत मंजुरीपलीकडे चढवलेल्या मजल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेला निकाल मुंबईकरांच्या स्मरणात आहे. वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या कुटुंबांनाही त्या निकालाने अनधिकृत बांधकाम नियमित करण्याची सवलत दिली नाही.

त्याहून मोठी किंमत कायद्याच्या पुस्तकाबाहेर मोजावी लागते. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि सतरा जणांचे प्राण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात इमारतीच्या आधारस्तंभांना धक्का लागल्याचा आरोप त्या दुर्घटनेनंतर झाला. लाकडी चौकटीच्या शंभर वर्षांच्या चाळीत तर शौचालयाच्या ओलाव्याने तुळईचे टोक कुजणे किंवा पोटमाळ्याच्या वजनाने वासे वाकणे यांचा परिणाम वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांना सारखाच भोगावा लागतो. एका कुटुंबाची सोय आणि साऱ्या चाळीची सुरक्षितता यांच्यामध्ये कधी कधी नकाराचे ते एक पत्रच उभे असते.

ज्या नकाराने वास्तू राहते

काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. एकोणिसाव्या शतकात वॉटसन्स हॉटेल म्हणून उभी राहिलेली ही लोखंडी सांगाड्याची इमारत. याच वास्तूत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईत प्रथम दाखवली गेली. दुरवस्थेमुळे २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली आणि आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस झाली. वारसा संवर्धन समितीने पाडण्याला विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचा अभिप्राय दिला. समितीने तेव्हा मान डोलावली असती, तर आज चर्चेला वास्तूच उरली नसती.

खोताच्या वाडीची कहाणी दुसरी बाजू दाखवते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या या वाडीत एकेकाळी सुमारे पासष्ट जुनी घरे होती. आज निम्म्याहूनही कमी उरली आहेत. परिसर यादीत असूनही हे घडले, कारण वारसा केवळ नकाराच्या बळावर टिकत नाही. लाकडाची दुरुस्ती महाग, जाणते सुतार दुर्मीळ आणि परवानगीचा मार्ग लांबचा असेल, तर घर विकून टाकणेच मालकाला परवडते. छपराच्या साध्या दुरुस्तीसाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागणारे घर अखेर पाडण्याच्याच अवस्थेला पोहोचते. जतनाचा नकार द्यायचा, तर त्याबरोबर काय मान्य होईल, हेही सांगणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य ठरते.

यादीबाहेरच्या चाळींचा प्रश्न तर आणखी वेगळा. मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत झाला. अशा चाळींचे महत्त्व कमानी आणि नक्षीत मावत नाही, ते सामायिक गॅलरीत आणि चौकात असते. एकेका बिऱ्हाडाने आपापल्या दारापुढची गॅलरी बंद केली, तर इमारत उभी राहूनही चाळ संपते.

अपिलाच्या व्यवस्थेतील उणे

या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. अपिलाचा हक्क फक्त अर्जदाराला आहे. शेजाऱ्याच्या घरातील फेरफाराला परवानगी मिळाली आणि त्याने आपला उजेड-वारा अडला, तर त्या शेजाऱ्याला कलम ४७ चे दार बंद आहे. त्याला उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग धरावा लागतो. अपील ऐकणारा अधिकारीही शासनाचाच. वारसा समिती नेमणारे शासन, नियमावली मंजूर करणारे शासन आणि त्याखालील नकारावर निर्णय देणारेही शासनच. सामान्य अर्जदाराला यात अंतर दिसत नाही.

इंग्लंडमध्ये अशी अपिले ऐकण्यासाठी ‘प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट’ ही यंत्रणा आहे. तिचे निरीक्षक बहुतांश प्रकरणांत कागदपत्रे आणि जागेची पाहणी यांच्या आधारे स्वतः निर्णय देतात आणि ते निर्णय कोणालाही वाचता येतात. घरातील फेरफारासाठी अपिलाची मुदत तेथे बारा आठवड्यांची, तर वारसा वास्तूच्या संमतीसाठी सहा महिन्यांची आहे. शेजाऱ्याला अपिलाचा हक्क मात्र तेथेही नाही. चाळीस दिवस आणि सहा महिने यांतील अंतर केवळ सवडीचे नाही. जुन्या वास्तूसाठी तज्ज्ञाचा अहवाल, मोजमापे आणि पूर्वीच्या परवानग्या जमवायला वेळ लागतो, याची कबुली त्या मुदतीत आहे.

कलम ४७ खाली शासनाने दिलेला निर्णय अंतिम असतो. कलम १४९ मुळे दिवाणी दाव्यात त्याला आव्हान देता येत नाही. त्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागता येते. तेथे न्यायालय नकाशा नव्याने तपासत बसत नाही. सुनावणी दिली गेली का, कारणे नोंदवली का, संबंधित बाबी विचारात घेतल्या का, हे पाहते. म्हणूनच मंत्रालयातील सुनावणीत मांडलेला प्रत्येक मुद्दा लेखी निवेदनात असावा आणि त्याची पोच घ्यावी. जे नोंदीवर नाही, ते पुढे मांडणे अवघड जाते.

अपील यशस्वी झाले, तरी काम तेवढ्यावर संपत नाही. मिळालेली परवानगी एका वर्षापुरती वैध असते. त्या काळात काम सुरू झाले नाही, तर तिची मुदत वाढवून घ्यावी लागते. परवानगीतील अटींबाहेर एखादी खिडकी जरी अधिक काढली, तरी लढून मिळवलेला आदेश निरुपयोगी ठरू शकतो. आणि अपील फेटाळले गेले, तर सुधारित नकाशासह नवा अर्ज करण्याचा मार्ग खुला राहतो. फेटाळणीच्या आदेशातील कारणेच त्या नव्या नकाशाचा पाया ठरतात.